गुराख्यांचा ठेवा आणि संग्रहालयातली फेरी

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, चित्रप्रदर्शनाचेही होते. संग्रहालयातल्या मार्गदर्शित फेरीचे मात्र कोणी परीक्षण करीत नाही. वास्तविक तीही एक रचनाच असते. सुरुवात कुठून करायची, कोणत्या वस्तूपुढे थांबायचे, काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. तेव्हा तिलाही समीक्षेचे निकष लावायला हवेत.

काही वर्षांपूर्वी नवेगाव बांध परिसरातील शाळकरी मुलांच्या सहलीबरोबर एका दूरच्या शहरातील संग्रहालय पाहण्याचा योग आला. पाऊण तासात सगळी दालने झाली. गाईडने प्रत्येक मूर्तीचे नाव, शतक आणि राजवंश सांगितला. शेवटी ‘काही प्रश्न?’ असे विचारले. एकाही मुलाने तोंड उघडले नाही. ‘खेड्यातली मुलं लाजतात,’ असे तो आम्हाला म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात तीच मुले नवेगावच्या तलावाच्या पाळीवर भेटली. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला आणि पुढे तेच कोलासुर देव म्हणून पुजले गेले, अशी इथली परंपरा. मी ती गोष्ट सांगू लागलो, तर एकाने मध्येच अडवले, ‘तसं नाही जी, आमची आजी वेगळंच सांगते.’ मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. सातबहिणींच्या डोंगरांकडे बोटे दाखवत त्यांनी माझीच फेरी घेतली. ही मुले लाजाळू नव्हती. संग्रहालयात त्यांना ठाऊक असलेले काहीच कोणी विचारले नव्हते.

फेरीच्या या घडणीला इतिहास आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने १९०७ मध्ये प्रेक्षकांना वस्तू समजावून देणारा ‘डोसेंट’ नेमायला सुरुवात केली. त्यामागे बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांचा पुढाकार होता. कलावस्तू नुसती मांडून भागत नाही, ती पाहायला सोबत लागते, हा विचार त्या काळी नवा होता. पुढे त्या सोबतीचे व्याख्यान झाले. त्यावर उतारा म्हणून फिलिप येनवाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसन यांनी प्रश्नांवर आधारलेली पद्धत घडवली. चित्रात काय चालले आहे, असे कशावरून वाटते, आणखी काय दिसते, एवढेच तिथे विचारतात. पद्धत चांगली आहे, पण एकटी पुरत नाही. नुसत्या अंदाजांनी मुले काही वेळ रमतात, मग कंटाळतात. योग्य क्षणी पक्की माहिती मिळाली, तरच अंदाजाला अर्थ येतो.

याचे आपल्या मुलुखातले उदाहरण गुंगेरियाच्या ठेव्याचे. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावी १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे मिळाले. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानतात. चांदीच्या पत्र्यांत काही गोल चकत्या आहेत, तर काहींचा आकार शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारखा आहे. आणि हा ठेवा सापडला तो गुरे राखणाऱ्या दोन पोरांना! त्यातील काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाला लोक अजून अजब बंगलाच म्हणतात.

नेहमीच्या फेरीत हा ठेवा ‘ताम्रनिधी, ताम्रपाषाणयुग’ एवढ्या दोन शब्दांत उरकता येतो. पण फेरी त्या गुराख्यांपासून सुरू केली तर? गुरे चुकली तर तुम्ही कुठे शोधता? जमिनीत धातू दिसला तर प्रथम कोणाला सांगाल? बैलाचे मुख चांदीत का घडवले असेल? पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुलाकडे शेवटच्या प्रश्नाचे काही ना काही उत्तर असतेच. ते बरोबर असेल असे नाही. आजचा पोळा आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा पत्रा यांच्यात थेट नाते जोडता येत नाही, हे अभ्यासकाने तिथेच स्पष्ट सांगावे. म्हणजे मुलाला उत्तराबरोबर पुरावा कशाला म्हणतात हेही कळेल. फेरीकडून याहून मोठी अपेक्षा काय करायची?

महाराष्ट्रात या दिशेने पावले पडली आहेत. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने सुटीच्या दिवशी इंग्रजीबरोबर मराठी-हिंदीतूनही फेऱ्या ठेवल्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधले फिरते संग्रहालय सुरू केले. भाषा बदलली, अंतर कमी झाले, हे मोलाचे आहे. मात्र इंग्रजी संहितेचा नुसता अनुवाद मराठीत म्हणून दाखवला, किंवा बस गावात येऊन तेच व्याख्यान देऊन गेली, तर ऐकणारा पुन्हा गप्पच राहील. भाषांतरापेक्षा ऐकणाऱ्याची जागा बदलणे कठीण असते.

ती जागा कशी असते, हे झाडीपट्टीला शिकवावे लागत नाही. दिवाळी झाली की इथे गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार होते, खडी गंमत रंगते. शाहीर समोरच्या माणसाला गोष्टीत ओढतो, प्रेक्षक जागेवरून टोला हाणतो, आणि शाहीर तो टोला झेलून पुढे जातो. संहिता त्याला पाठ असते म्हणूनच त्याला अडवून घेणे परवडते. गाईडचेही तसेच आहे. ज्याचा अभ्यास कच्चा, त्यालाच प्रश्नाची भीती.

म्हणून माझा निकष साधा आहे. फेरी संपल्यावर मुलांना किती सनावळ्या आठवतात हे मोजू नये. त्या पाऊण तासात गाईडला किती वेळा कोणी ‘तसं नाही जी’ म्हणाले, आणि त्यावर त्याने काय केले, हे पाहावे.