दीक्षार्थीचा प्रश्न आणि ख्रिस्तपुराण

फादर स्तीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत बहुधा एकाच कारणासाठीं घेतलें जातें. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांतील कांहीं ओव्या आम्हीं पाठ केल्या, सभासंमेलनांतून म्हटल्या, आणि एका इंग्रजानें आमच्या भाषेस दिलेलें प्रशस्तिपत्र म्हणून तें पुराण कौतुकानें कपाटांत ठेवून दिलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथांतून दहा-पांच ओव्या वेंचून बाकीच्यांस दुरूनच नमस्कार करणें हा कवीचा सन्मान म्हणतां येत नाहीं. ग्रंथ कोणत्या कामासाठीं व कोणापुढें वाचण्यासाठीं लिहिला गेला, हें पाहिल्यावांचून त्याचे गुणही कळत नाहींत आणि दोषही कळत नाहींत.

हें आमच्या ध्यानांत आणून देण्याचें श्रेय एका विद्यार्थिनीकडे जातें. कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत हें पुराण शिकवीत असतां तिनें विचारलें, “सर, ह्या ओव्या ज्यांच्यासाठीं लिहिल्या, ते लोक आपण होऊन ऐकायला येत होते, कीं त्यांना यावंच लागत होतं?” आम्हीं कांहीं सन सांगितले, दोन ग्रंथांचीं नांवें सांगितलीं आणि तास संपविला. प्रश्न मात्र तेथेंच राहिला. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नाहीं, आणि त्या धर्माच्या सिद्धान्तांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकारही नाहीं. पण प्रौढ मनुष्यास नव्या श्रद्धेच्या दारांतून आंत घेतांना त्याच्याशीं कसें बोलावें, हा जितका धर्माचा तितकाच वाङ्मयाचाही प्रश्न आहे. आणि त्याचा विचार करण्यास मराठींत ख्रिस्तपुराणाइतकें मोठें साधन दुसरें नाहीं.

थॉमस स्तीफन्स ह्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत तेथें कॅथलिक उपासना कायद्यानें निषिद्ध होती. स्तीफन्स रोमला गेले, १५७५ सालीं येशूसंघांत शिरले आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले. १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंतचा त्यांचा बहुतेक काळ साष्टी प्रांतांत गेला. ही साष्टी मुंबईजवळची नव्हे; मडगांव, राचोल, कुंकळ्ळी हीं गांवें जींत येतात ती गोव्याची. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. १५६७ च्या सुमारास साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच येशूसंघीयांस ठार केलें, आणि पोर्तुगीज सत्तेनें गांवच्या पुढाऱ्यांचे प्राण घेऊन त्याचा सूड उगविला. ज्या देशांत आपल्या पद्धतीनें उपासना करणें हा गुन्हा होता त्या देशांतून आलेला हा मनुष्य, ज्या प्रांतांत दुसऱ्यांनीं त्यांच्या पद्धतीनें उपासना करणें हा गुन्हा होता त्या प्रांतांत गुरु झाला. ख्रिस्तपुराण वाचतांना ही गोष्ट डोळ्यांआड करतां येत नाहीं.

अशा स्थितींत बाप्तिस्मा आधीं आणि समज मागून, असा क्रम पुष्कळांच्या वांट्यास आला. ज्याचें नांव बदललें आहे पण ज्याच्या मनांत जुन्या कथा, जुने सण आणि आजीच्या तोंडचीं गाणीं जशींच्या तशीं आहेत, असा वयानें वाढलेला मनुष्य हा ह्या पुराणाचा पहिला श्रोता होय. १६१६ सालीं राचोल येथें तें छापलें गेलें. देवनागरी खिळे नसल्यामुळें अक्षर रोमन होतें. पण छंद ओवीचा, विभाग अवस्वरांचे आणि आरंभ मंगलाचरणाचा. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर जगाच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंत जातात. दुसऱ्याचे एकूणसाठ अवस्वर ख्रिस्ताचें चरित्र सांगतात.

ह्या सर्व खटाटोपाचें निमित्त पहिल्याच अवस्वरांत येतें, आणि तें एका प्रश्नाच्या रूपानें येतें. धर्मशिक्षणाच्या प्रसंगीं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री गुरूपुढें आपलें मागणें मांडतो. त्याचा आशय असा कीं, तुम्ही आमचीं पूर्वींचीं पुराणें वाचावयाचीं बंद केलींत. मग त्यांच्या जागीं तशींच दुसरीं पुराणें आम्हांस कां देत नाहीं? ह्या प्रश्नाचें मर्म टीकाकारांनीं पुरेसें ओळखलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. हा मनुष्य सिद्धान्तावर शंका घेत नाहीं. प्रश्नोत्तरांचें पाठांतर त्यास मिळालें आहे, पण तेवढ्यानें त्याचें पोट भरलेलें नाहीं. संध्याकाळीं बसून ऐकण्याजोगें, गुणगुणण्याजोगें, घरांतल्या माणसांस सांगण्याजोगें जें कांहीं त्याच्यापाशीं होतें तें नाहींसें झालें आहे आणि ती जागा रिकामी आहे. तिचें दुःख तो भीत भीत पण नीट शब्दांत सांगतो. आणि पाद्री गुरु रागावत नाहींत. ते पुराण सांगावयास बसतात. मराठींतील एका मोठ्या ग्रंथाचा जन्म, निदान त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें, अशा एका तक्रारींतून झाला आहे.

ख्रिस्ती परंपरेंत ह्या प्रकारच्या शिकवणीचा एक फार जुना ग्रंथ आहे. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियास नांवाच्या धर्मसेवकानें संत ऑगस्टिन ह्यांस आपली अडचण कळविली. नवीन येणाऱ्या लोकांस धर्माची ओळख करून देतांना आपलें बोलणें आपणांसच कंटाळवाणें वाटतें, काय करावें? ऑगस्टिन ह्यांनीं उत्तरादाखल एक लहानसा ग्रंथच लिहून पाठविला. त्यांत ते सांगतात कीं, शिकविणाऱ्याचें मन प्रसन्न असावें. येणारा कोणत्या हेतूनें आला आहे हें आधीं विचारावें. विद्वानाशीं एक रीतीनें व अडाण्याशीं दुसऱ्या रीतीनें बोलावें. आणि ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्यास बसावयास आसन द्यावें. हें शेवटचें वाक्य आम्हांस फार मोलाचें वाटतें. ज्या शिक्षकास समोरच्या मनुष्याचे दुखणारे पाय दिसतात, त्यास त्याचें मनही कांहीं अंशीं दिसत असेल. सिद्धान्तांची यादी न देतां सृष्टीच्या आरंभापासून आजच्या मंडळीपर्यंतची कथा सांगावी, असाही त्यांचा उपदेश आहे.

ख्रिस्तपुराणाची रचना ह्याच मार्गानें जाते. पण स्तीफन्स ह्यांनीं त्या जुन्या आराखड्यांत श्रोत्याचें घर बांधलें. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात, शिकविणाऱ्यास गुरु म्हणतात, ग्रंथास पुराण म्हणतात. शुद्ध मराठी सर्वांस समजणार नाहीं म्हणून साष्टीच्या ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द ते तींत मिसळतात. उलट, संस्कारांचीं व उपासनेचीं कित्येक नांवें पोर्तुगीज वळणाचींच राहूं देतात. ही निवड सहज झालेली दिसत नाहीं. ज्या गोष्टीची ओढ श्रोत्यास पूर्वींपासून आहे तिला त्याचाच शब्द द्यावयाचा, आणि जी गोष्ट त्याला खरोखरच नवी आहे तिचें नवेपण शब्दांतही ठेवावयाचें, असा हा विवेक आहे. सर्वच शब्द परके असते तर श्रोता दाराबाहेरच राहिला असता. सर्वच ओळखीचे असते तर आपण कोठें आलों हें त्यास कळलें नसतें.

इतकें मान्य करूनही एक दोष सांगितला पाहिजे, आणि तो लहान नाहीं. पहिल्या अवस्वरांतील त्या प्रश्नकर्त्याचा आवाज पुढें क्षीण होतो. श्रोते मधून मधून शंका विचारतात हें खरें. पण त्या शंका उत्तराची वाट मोकळी करण्यापुरत्या येतात. गुरूचें उत्तर ऐकून कोणी असमाधानी राहिला, कोणी उठून गेला, कोणी ‘अजून माझें मन तयार नाहीं, पुढच्या वर्षीं येईन’ असें म्हणाला, असा श्रोता आम्हांस ह्या ग्रंथांत भेटला नाहीं. आमच्या ज्ञानेश्वरींतही अर्जुन शंका विचारतो आणि श्रीकृष्ण उत्तर देतात. परंतु तेथें शेवटीं अर्जुनास विचार करून आपल्या इच्छेप्रमाणें वागण्याची मोकळीक आहे. साष्टींतील श्रोत्यास ती मोकळीक नव्हती. मागें फिरण्याची वाटच जेथें बंद, तेथें पुढें टाकलेल्या पावलाचें मोल कवीस दाखवितां येत नाहीं. हा कवीच्या प्रतिभेचा तोकडेपणा नाहीं. ज्या सत्तेच्या छत्राखालीं तो बोलत होता तिची छाया त्याच्या संवादावर पडली आहे.

ही उणीव त्या धर्मसंस्थेनें पुढें स्वतःच ओळखली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं प्रौढांच्या टप्प्याटप्प्यानें होणाऱ्या दीक्षापूर्व शिक्षणाचें पुनरुज्जीवन करण्याचें ठरविलें, आणि १९६५ सालीं धर्माच्या बाबतींत कोणावरही बळजबरी होतां कामा नये असें जाहीर केलें. त्यानुसार १९७२ सालीं प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधिग्रंथ निघाला. वाङ्मय म्हणून तो वाचावयास कोणी घेत नाहीं, पण त्याची घडण एखाद्या चांगल्या नाटकासारखी आहे. प्रथम नुसत्या चौकशीचा काळ. त्यांत कोणतेंही बंधन नाहीं. मग धर्मग्रामाच्या मंडळीपुढें स्वागत. तेथें येणाऱ्यास त्याचें नांव आणि त्याची इच्छा विचारली जाते. नंतर शिक्षणाचा काळ. तो गरजेप्रमाणें कित्येक वर्षेंही चालूं शकतो. ह्या काळांत दीक्षार्थी रविवारच्या उपासनेस येतात, प्रवचन ऐकतात, आणि सामान्यतः त्यानंतर त्यांस प्रेमानें निरोप दिला जातो. पुढील पवित्र भोजनास ते थांबत नाहींत. वाट पाहावयास लावणें हाही एक धडा आहे, हें प्राचीन मंडळीस ठाऊक होतें.

पुढें ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळाच्या आरंभीं निरनिराळ्या धर्मग्रामांतील दीक्षार्थी बिशपापुढें एकत्र येतात आणि त्यांची निवड जाहीर होते. आपल्या गांवीं एकटाच असलेला मनुष्य येथें प्रथमच आपल्यासारखे दुसरे पाहतो. मग तीन रविवारीं तीन कथा येतात : विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि मृत लाजर. तहान, अंधार आणि मृत्यु, असा हा चढता क्रम आहे. ईस्टरच्या जागरणाच्या रात्रीं बाप्तिस्मा होतो; आणि त्यानंतरही जें घडलें त्याचा अर्थ उलगडण्यासाठीं कांहीं आठवडे राखून ठेवलेले असतात. ह्या सर्व काळांत दीक्षार्थीबरोबर एक सोबती असतो, आणि त्याला सिद्ध करण्याचें काम एकट्या धर्मगुरूचें नसून साऱ्या मंडळीचें आहे असें ग्रंथ सांगतो.

साष्टींत जें हरवलें होतें तें येथें परत मिळालें आहे : वेळ, आणि नाहीं म्हणण्याची मुभा. परंतु विधिग्रंथ हा शेवटीं सांगाडा आहे. त्यांत काय करावें हें आहे. दीक्षार्थीनें संध्याकाळीं काय गुणगुणावें हें नाहीं. म्हणूनच अनेक देशांतील धर्मग्रामांतून ह्या विधीचा शाळेचा वर्ग होऊन बसतो. ठरलेल्या महिन्यांत आरंभ, ईस्टरला परीक्षा पास, आणि त्यानंतर नवागतास कोणी ओळखतही नाहीं, अशी तक्रार त्या मंडळींतील लोकच करतात. माणूस असा तारखेबरहुकूम बदलत नाहीं. मराठी वाचकास ह्याचा पुरावा दूर शोधावयास नको. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तो प्रॉटेस्टंट पंथाचा. लक्ष्मीबाईंनीं घेतला तो पांच वर्षांनीं. मधल्या काळांतील त्यांचें सोंवळें, त्यांची वेगळी चूल, त्यांचा राग आणि हळूहळू सुटत गेलेल्या गांठी स्मृतिचित्रांत वाचाव्या. तेथें कोणताही विधि नाहीं. पण दीक्षार्थीचा काळ म्हणजे काय, हें त्या पुस्तकाइतकें प्रामाणिकपणें आमच्या भाषेंत कोणीं सांगितलेलें नाहीं. स्तीफन्स ह्यांच्या पुराणांत जो श्रोता बोलतां बोलतां गप्प झाला, तो जणूं लक्ष्मीबाईंच्या रूपानें पुन्हां बोलूं लागला.

तात्पर्य, विधीनें वेळ द्यावा आणि काव्यानें घर द्यावें. दोहोंपैकीं एकानें भागत नाहीं. वसई, मुंबई, पुणें येथील ज्या धर्मग्रामांतून आज मराठी बोलणारा कोणी प्रौढ मनुष्य आपण होऊन चौकशीस येत असेल, तेथील शिक्षकांनीं ख्रिस्तपुराण कपाटांतून काढावें, अशी आमची सूचना आहे. शांताराम बंडेलू ह्यांनीं १९५६ सालीं त्याची देवनागरी आवृत्ति काढली तेव्हांपासून लिपीची सबबही उरलेली नाहीं. मात्र तें वाचतांना पहिल्या अवस्वरापाशीं थांबावें, आणि समोरच्या मनुष्यास विचारावें कीं, येथें येतांना तूं काय मागें ठेवून आलास, आणि त्यांतलें काय तुला ठेवावयाचें नव्हतें? उत्तर येईपर्यंत पुढचा अवस्वर उघडूं नये.

आणि आमच्या त्या विद्यार्थिनीस उशिरानें कां होईना, उत्तर देणें आहे. त्या ओव्या ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांस यावेंच लागत होतें. पण ज्यानें पहिल्या अवस्वरांत तोंड उघडलें, त्यास विचारावयास कोणीं भाग पाडलें नव्हतें. त्याचें नांव पुराणांत नाहीं. ग्रंथ मात्र त्याच्या मागण्यावर उभा आहे.