आबालाल रहिमान : आख्यायिकेआडचा चित्रकार

कोल्हापुरात आबालाल रहिमान यांचे नाव निघाले की चित्रांआधी गोष्टी सुरू होतात. कोटितीर्थाकाठी एकटा राहणारा अवलिया. शाहू महाराजांची मर्जी असूनही दरबारात न रमलेला दरबारी चित्रकार. १९२२ साली महाराज गेले तेव्हा हजारो चित्रे पाण्यात सोडून देणारा फकीर. सांगणाऱ्यांच्या मनात आदरच असतो. माधवराव बागल स्वतः चित्रकार होते. त्यांनी आबालालांविषयी जिव्हाळ्याने लिहिले. पुढच्यांनी मात्र त्यातली माणसाची हकिकत तेवढी उचलली, चित्र तिथेच राहिले.

या हकिकतीत सर्वांत जास्त दुर्लक्षित झाले ते त्यांचे सुरुवातीचे काम. आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १८८८ साली त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. तिथली रेखाटने म्हणजे शाळेतला गृहपाठ, असे समजून आपण पुढे जातो. उजेड कोणत्या बाजूने येतो, कडा कुठे ठाम राहते आणि कुठे विरते, याची शिस्त हाताला लागली ती तिथेच. पुढे रंकाळा, पंचगंगा, संध्यामठ रंगवताना हीच शिस्त कामी आली. रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून ते पाणी हलते ठेवतात, पण मठाचा दगड मात्र आपले वजन सोडत नाही. नुसत्या भावविभोर हाताला हे जमत नाही. त्यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून मोकळे होणारे समीक्षक ठिपके पाहतात, त्याखालची रेखा पाहत नाहीत. अवलियाच्या गोष्टीपेक्षा हा शिक्का बरा, एवढेच.

आपणही यात मागे नाही. मराठी मुसलमानांच्या योगदानाची यादी वाचताना ‘आपले आबालाल’ म्हणून टाळ्या घेतो. त्यांचे एखादे चित्र डोळ्यांसमोर आणा म्हटले तर सभागृहात किती हात वर होतील?

चित्रे पाण्यात गेल्याची गोष्ट खरी असो वा नसो, ती सोयीची आहे. कलावंतानेच बुडवली म्हटल्यावर उरलेली कुठे आहेत, कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे कुणी विचारत नाही. १९३१ साली आबालाल गेले. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. तिथे जाऊन सुरुवात संध्यामठापासून करावी; दगड आधी पाहावा, पाणी मागाहून.