चित्रकथी आणि तिची प्रत

जुन्या चित्रांच्या संगणकीय प्रती करून ठेवण्याचें काम हल्लीं पुष्कळ ठिकाणीं चाललें आहे, व त्याची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. कागदाला कसर लागते, कोंकणच्या दमट हवेंत रंग उडतात. तेव्हां एक स्वच्छ प्रत सुरक्षित राहावी, हें कोणीहि विवेकी मनुष्य नाकारणार नाहीं. परंतु प्रत झाली म्हणजे कला वांचली, ही जी समजूत या उद्योगाबरोबर पसरत आहे, ती आम्हांस घातक वाटते. पिंगुळीच्या चित्रकथीचें उदाहरण घेऊन आम्ही आपलें म्हणणें स्पष्ट करितों.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी हें गांव आहे. तेथील ठाकर लोकांनीं ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. एका आख्यानाच्या चित्रांची एक पोथी असते. दोन दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं असतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरतो आणि वाद्यांच्या साथीनें रामायण-महाभारतांतील प्रसंग गाऊन सांगतो. चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांतहि आहे.

आतां या चित्रांची घडण पाहावी. चेहरे बहुधा एका बाजूनें दिसणारे, डोळे विशाल, बाह्यरेषा ठसठशीत, आणि पार्श्वभूमि पुष्कळदां कोरी. केवळ चित्र म्हणून पाहणाऱ्यास हा कोरेपणा उणीव वाटेल. आमच्या मतें ती कथेकऱ्यासाठीं राखलेली जागा आहे. अरण्य किती घोर होतें, रणांत कोलाहल किती माजला, हें त्याच्या आवाजानें सांगावयाचें असतें. तींच चित्रें संगणकाच्या पडद्यावर मूक उभीं राहिलीं, कीं पदें गाळून नुसता अर्थ छापलेल्या नाटकासारखी त्यांची अवस्था होते. शिवाय पडद्यापुढील प्रेक्षक बोटाच्या स्पर्शानें वाटेल तेव्हां पुढचें चित्र आणतो. कथेकरी श्रोत्यांची मुद्रा पाहून हातांतलें चित्र तसेंच धरून ठेवूं शकतो. या खोळंब्यांतच कथेची गोडी असते.

यावर कोणी म्हणेल कीं, यंत्र आवाज आणि हालचालहि टिपतें. तीं जरूर टिपावीं. मात्र त्रोटक मासला नव्हे, संपूर्ण आख्यान टिपावें. तरीहि श्रोत्यांचा प्रश्न उरतोच. श्री. परशुराम गंगावणे यांनीं आपल्या घरच्या गोठ्याचें संग्रहालय करून पोथ्या व बाहुल्या जतन केल्या, आणि २०२१ सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. हा गौरव योग्यच होय. पण गौरवानें श्रोते जमत नाहींत, आणि श्रोत्यांवांचून पुढची पिढी आख्यान पाठ कशासाठीं करील?

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, प्रती करण्यासाठीं जो पैसा खर्च होतो, त्यांतील कांहीं भाग कथेकऱ्याच्या बिदागीसाठीं राखावा. ज्या पोथीची प्रत निघेल, तिचें आख्यान निदान एकदां एखाद्या शाळेंत किंवा देवळांत व्हावें, व तें ऐकावयास आपण स्वतः जाऊन बसावें. असें न झाल्यास पोथ्यांच्या प्रती उत्तम राहतील. त्या वाचून दाखविणारा मात्र राहणार नाहीं.