भारुडातील नाममुद्रा

सोळाव्या शतकातील एकनाथांच्या भारुडांची चर्चा बहुधा रूपकापाशीच थांबते. रचनेचे कसब मात्र अखेरच्या चरणात आहे. जोशी, गोंधळी, जोहार घालणारा महार अशी सोंगे घेऊन कवी बोलतो. ध्रुवपद श्रोत्यांना हसवीत परतते. मग ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते व सोंग उतरते. जनार्दनस्वामी देवगिरीचे, म्हणजेच दौलताबादचे, किल्लेदार. शिष्याचे नाव गुरूच्या नावात मिळून जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन लोकप्रिय गीतांत अर्व्हिंग बर्लिनसारख्या कर्त्याचे नाव छापील स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर असे, गीतात नसे. गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाई. भारुडाचा कर्ता गीतातच विणलेला आहे. केवळ विनोदासाठी शेवटचा चरण गाळणाऱ्या प्रयोगात महाराच्या सोंगातून पैठणचा ब्राह्मण बोलतो आहे, हे श्रोत्याला उमगतच नाही.