गिरकी, कोलांटी आणि फिरकी : एक अर्थविचार

खेळांतील परिवलनात्मक गतीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गिरकी, लोळण, कोलांटी, फिरकी हे शब्द बोलीपासून वृत्तपत्रांपर्यंत रुळलेले आहेत. प्रश्न समृद्धीचा नसून नेमकेपणाचा आहे. आणि क्रीडाविज्ञान मराठीतून शिकवावयाचे झाल्यास तो टाळता येण्यासारखा नाही.

परिवलनाविषयी पदार्थविज्ञान प्रथम दोन गोष्टी विचारते : आस कोणता आणि गती किती. उपर्युक्त शब्दांची वाटणी मात्र निराळ्या तत्त्वावर झालेली दिसते. उभ्याने फिरणे ती गिरकी, जमिनीवर आडवे होऊन फिरणे ती लोळण. वस्तुतः दोहोंतही शरीर डोक्यापासून पायांपर्यंत जाणाऱ्या एकाच आसाभोवती फिरते. शब्द भूमीकडे पाहतो, विज्ञान शरीराकडे. कोलांटीत मात्र आस खरोखरच बदलतो; तो शरीराला आडवा जातो.

क्रियापदेही तपासून पाहण्याजोगी आहेत. गिरकी 'घेतात', कोलांटी 'मारतात'. खेळाडू हवेत अंग आखडून वेग 'घेतो' असे सहज म्हटले जाते. परंतु त्याचा कोनीय संवेग जमीन सोडतानाच ठरलेला असतो. आखडल्याने निरूढी परिबल तेवढे घटते. शरीराच्या प्रत्येक कणाचे आसापासूनचे अंतर निम्मे झाले, तर परिबल चतुर्थांश आणि गती चौपट होईल. मल्लखांबावरील खेळाडूची गोष्ट वेगळी. पकड आहे तोवर खांब त्याला प्रतिबल देतो आणि संवेग बदलता येतो. खांब सुटला की ती सोय संपते. तथापि 'घेणे' सर्वस्वी चूक म्हणता येत नाही. पडणारे मांजर कोनीय संवेग शून्य असतानाही अंगाचे भाग उलटसुलट पिळून पायांवर येते, हे मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८९४ मधील छायाचित्रांनी दाखविले आहे.

'फिरकी' या शब्दातील उणीव अधिक गंभीर आहे. सुभाष गुप्ते यांनी १९५८ मध्ये कानपूर कसोटीत वेस्ट इंडीजचे ९ फलंदाज १०२ धावांत बाद केले. त्यांच्या लेगब्रेक आणि गुगली या चेंडूंत हाताची फेक जवळजवळ सारखी. मनगटाच्या वळणाने आसाची दिशा तेवढी बदलते आणि चेंडू टप्प्यानंतर विरुद्ध बाजूंना वळतात. मराठी दोहोंना फिरकीच म्हणते. मॅग्नसने १८५२ मध्ये अभ्यासिलेला हवेचा आडवा रेटाही आसावर अवलंबून असतो. आस चेंडूच्या मार्गाशी समांतर असेल, तर कितीही फिरकी दिली तरी हा रेटा उद्भवत नाही. एखाद्याची 'फिरकी घेणे' या प्रयोगात फसगतीची छटा आहे. तिने फलंदाजाचा अनुभव टिपला. गोलंदाजाची कृती निसटली.

म्हणून हे शब्द टाकून द्यावेत असे नव्हे. परिवलन, संवेग हे संस्कृत शब्द बिनचूक असले, तरी आखाड्यातील मुलाच्या कानाला परके आहेत. ग्रंथकाराने गिरकी, कोलांटी, फिरकी हेच शब्द ठेवावेत. मात्र प्रत्येकाशेजारी त्याचा आस सांगावा. आस न सांगता केलेले फिरण्याचे वर्णन अर्धेच राहते.