रेंज नसलेल्या गावातली सुट्टी

'डिजिटल डिटॉक्स' हा शब्द हल्ली भंडारदऱ्याच्या नावाला चिकटलाय. दोन दिवस तंबूत राहा, फोन बंद ठेवा, काजवे बघा, डोकं स्वच्छ होईल. आपल्या इंटरनेटच्या सवयीवरची ही आजची सर्वांत लोकप्रिय टीका आहे. आज ती टीकाच तपासू या.

तिचं गृहीतक असं, की अवलंबन म्हणजे व्यसन. व्यसन असेल तर ते निग्रहानं सुटतं. ही तक्रार जुनीच. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात थामस राजा लिपीबद्दल म्हणतो, की ती आली की माणसं स्मरणशक्ती वापरणं सोडतील. त्यात तथ्य आहेच. पूर्वी मला वीस-पंचवीस फोन नंबर पाठ असायचे, आज घरचा एक सांगताना अडखळतो. (हसू नका, तुमचंही तेच आहे.)

पण तंबूतला माणूस तंबू कसा मिळवतो? ऑनलाइन. वाट नकाशावर बघतो, पैसे फोनवरून देतो आणि परतल्यावर 'मी दोन दिवस ऑफलाइन होतो' हे ऑनलाइन सांगतो. त्याचा संन्यास सोमवारी संपतो, कारण परतायचं कधी हे त्याच्या हातात असतं.

आता त्याच परिसरातली दुसरी बाजू बघा. घाटघर, साम्रदच्या बाजूला रेंज येते-जाते. रेशन दुकानात मात्र ई-पॉस यंत्र आहे. अंगठा लावायचा, ओळख पटली की धान्य. शेतात, बांधावर राबलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. रेंज नसेल तर यंत्र मुकं. त्या बाईला काय सांगाल, डिटॉक्स करा? तिनं इंटरनेटची सवय लावून घेतलेली नाही. तिच्या धान्याच्या वाटेवर ते आणून ठेवलंय. मला इथं दोन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात: सवयीचं अवलंबन आणि सक्तीचं अवलंबन. पहिल्यावर निग्रहाचा उपदेश चालतो. दुसऱ्यावर तोच उपदेश केला तर तो थट्टा होतो.

म्हणजे पूर्वी सगळं छान होतं का? मुळीच नाही. वहीतल्या नोंदी खोट्या असत, मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जाई. सातबाऱ्यासाठी तलाठी भेटेपर्यंत खेपा घालाव्या लागत; आज तो उतारा घरबसल्या निघतो, हे मी सोयीसाठी विसरणार नाही. पण जुन्या व्यवस्थेत भांडायला समोर माणूस होता. दुकानदाराला चार लोकांत जाब विचारता येई. 'सर्व्हर डाऊन आहे' या वाक्याला जाब कुणी विचारायचा? त्याला कर्ताच नाही.

सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये आधारचा निकाल दिला, तेव्हा बहुमतानं कल्याणकारी योजनांसाठी आधार ग्राह्य धरला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं मत विरोधी होतं. त्याआधी २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना कळवलं होतं, की ओळख पटली नाही म्हणून धान्य नाकारू नका, अपवादाची नोंद वेगळ्या वहीत करा. म्हणजे वही गेलेली नाही, नियमात आहे. पुढच्या वेळी तंबूत राहायला आलात तर गावात रेशन दुकान कुठं आहे ते विचारा, आणि ती वही कोऱ्या पानांची आहे की भरलेली, एवढं बघून या.