भिंतीवरील अनामिक काव्य

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत एंजल आयलंड नांवाचें बेट आहे. १९१० पासून १९४० पर्यंत अमेरिकेंत प्रवेश मागणाऱ्या चिनी उतारूंना तेथील लांकडी बराकींत अडकवून त्यांची तपासणी होत असे. बराकींच्या भिंतींवर या उतारूंनीं कोरलेल्या कवितांचा ‘आयलंड’ हा संग्रह हिम मार्क लाइ, जेनी लिम व ज्यूडी युंग यांनीं १९८० सालीं इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. चिनी भाषा आम्हांस येत नाहीं. तेव्हां छंद व नाद यांविषयीं आम्ही मौन पाळतों.

तपासणीचें स्वरूप ध्यानांत घेतल्यावांचून या काव्याचें मर्म कळावयाचें नाहीं. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांना अमेरिकेचें दार बंद झालें. नागरिकाच्या मुलास मात्र तें उघडें होतें. पुढें १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत सॅन फ्रान्सिस्कोचीं दप्तरें जळालीं, आणि तेथें जन्मल्याचा दावा खोडणें अवघड झालें. मग पैसे मोजून दुसऱ्याचें नांव घेतलेले ‘कागदी मुलगे’ येऊं लागले. अधिकारी विचारीत : घराला पायऱ्या किती? तांदुळाची कोठी कोठें? आळींतल्या तिसऱ्या घरांत कोण राहतें? तेच प्रश्न बापाला. उत्तरें जुळलीं नाहींत तर परत पाठवणी! खोटा मुलगा उत्तरांची वही घोकून येई. परंतु खऱ्यालाहि घोकण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आपल्या घराच्या पायऱ्या आम्हीं तरी कधीं मोजल्या आहेत?

या पार्श्वभूमीवर कविता वाचाव्या. बहुतेक चार वा आठ ओळींच्या, जुन्या अभिजात वळणाच्या. पुष्कळ सांचेबंद आहेत हें कबूल केलें पाहिजे. पुराणवीरांचे तेच दाखले, दुबळ्या मायदेशाची तीच खंत, सूडाची तीच प्रतिज्ञा. पण बहुतेकांखालीं नांव नाहीं. बापाचें, आजाचें, शेजाऱ्याचें नांव ज्याच्याकडून खोदून काढलें, त्यानें भिंतीवर स्वतःचें नांव घातलें नाहीं! अधिकाऱ्यांची भीति हें कारण उघडच आहे. परंतु परिणाम भीतीच्या पलीकडे जातो. येथें बोलणारा खरा मुलगा कीं कागदी, हें कळण्यास मार्गच उरत नाहीं. आणि दुःख मात्र निःसंशय खरें वाटतें.

आमचे टीकाकार कवीस काय विचारतात? ती प्रेयसी कोण, तें घर कोणत्या गांवचें, हा अनुभव स्वतःचा कीं उसना? वर्गांत आम्हींहि हे प्रश्न वर्षानुवर्षें विचारले आहेत, आणि उत्तर न जुळल्यास कविता परत पाठविली आहे. ‘आयलंड’ वाचतांना ती मेजापलीकडची खुर्ची आम्हांस टोंचूं लागली.

अधिकाऱ्यांनीं लांबी भरून व रंग देऊन तीं अक्षरें बुजविलीं. १९७० सालीं पाडावयास काढलेल्या इमारतींत एका उद्यानरक्षकाला तीं पुन्हां दिसलीं. त्याच्या कितीतरी आधीं, १९३१ व १९३२ सालीं, तेथेंच अडकलेल्या दोघांनीं भिंतीवरच्या कविता वहींत उतरून घेतल्या होत्या. कवि कोण, हें न विचारतां.